रोमच्या 'पुस्तक तपासणी' सर्व्हिसचा रिव्ह्यू: लेखक असाल तर आधी हे वाचा

सगळ्यात आधी सांगून टाकतो, मी फादर-बिदर नाही, थिऑलॉजीची (म्हणजे धर्मशास्त्राची) डिग्री पण नाही, नुसता वाचणारा माणूस आहे. पण गेली काही वर्षं एक विचित्र नाद लागलाय, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत खात्यानं कुठल्या लेखकाला काय नोटिस काढली ते वाचत बसायचा. लोक रात्री मर्डर मिस्टरी वाचतात, मी हे वाचतो.

सुरुवात झाली अँथनी डिमेलोंपासून. छोट्या छोट्या गोष्टींचं पुस्तक, मस्त हसवणारं, पान उलटलं तर आत प्रकाशकाची सूचना, की हे लेखन अनेक धर्मांच्या माणसांमध्ये राहून, इतर धर्मांचे लोक, नास्तिक, अज्ञेयवादी यांना डोळ्यासमोर ठेवून केलंय, कॅथलिक लोकांना धर्मशिक्षण देण्यासाठी म्हणून लेखकानं ते लिहिलेलं नाही. म्हटलं हे काय, सिगरेटच्या पाकिटावरचा इशारा का? मग शोधत गेलो. डिमेलो जन्मले मुंबईत १९३१ ला, जेझुइट (कॅथलिक फादरांचा एक संघ) झाले, पुण्यात साधना इन्स्टिट्यूट सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली, आणि १९८७ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. रोमची नोटिस आली २४ जून १९९८ ला. म्हणजे माणूस जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. तिच्यात म्हटलंय की त्यांच्या काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत आणि त्यातून गंभीर नुकसान होऊ शकतं. उत्तर कोण देणार? तिथून जो या सगळ्यात पडलो तो अजून बाहेर आलेलो नाही.

तर एवढं वाचलंय म्हटल्यावर एक रिव्ह्यू लिहूनच टाकतो. सर्व्हिसचा रिव्ह्यू. कारण बघायला गेलं तर ही सर्व्हिसच आहे ना, तुम्ही पुस्तक लिहिता, कोणीतरी तक्रार ठोकतं, खातं तपासतं, निकाल देतं. कस्टमर नेमका कोण एवढंच कळत नाही, लेखक, तक्रारदार, की तो 'साधा श्रद्धावान' ज्याच्या नावावर सगळं चालतं आणि ज्यानं बहुतेक वेळा ते पुस्तक हातातही घेतलेलं नसतं. मी लेखकाच्या बाजूनं बघणार आहे, कारण बाकी दोघांना यात काही सोसावं लागत नाही.

जागा एकदम प्राइम. सेंट पीटर्सच्या समोर उभं राहिलं की डाव्या हाताला, त्या गोल खांबांच्या रांगेच्या मागे, पलाझो देल सांतउफ्फिझिओ म्हणून इमारत आहे, तीच. पाटी मात्र बरीच वेळा बदलली. १५४२ ला तिसऱ्या पॉल पोपनं रोमन इन्क्विझिशन म्हणून हे चालू केलं, १९०८ ला नाव झालं होली ऑफिस, १९६५ ला झालं काँग्रिगेशन फॉर द डॉक्ट्रिन ऑफ द फेथ आणि २०२२ पासून डिकास्टरी. आपल्याकडे हॉटेलवाले बोर्डावर 'नवीन मॅनेजमेंट' लिहितात ना, तसं. स्वयंपाकघर किती बदललं ते पुढे बघू. (याच खात्याची दुसरी एक शाखा आहे जी मुलांवरच्या अत्याचाराच्या केसेस बघते. तो वेगळा आणि फार गंभीर विषय आहे, त्यात मी इथे घुसत नाही.)

जुन्या मॅनेजमेंटबद्दल लोकांना माहीत असतं ते म्हणजे बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी, इंडेक्स. १५५९ ला पहिली रोमन यादी आली, १५७१ ला तिच्यासाठी वेगळं खातंच काढलं, १९१७ ला ते खातं बंद करून काम होली ऑफिसकडे दिलं, शेवटची छापील आवृत्ती १९४८ ची, चार हजारांच्या आसपास पुस्तकं, आणि १४ जून १९६६ ला सांगितलं की बाबांनो यादीला आता कायद्याचं बळ नाही, पण नैतिक वजन आहे. म्हणजे कुलूप काढलं, पण दारावरची पाटी तशीच. तोपर्यंत यादीतलं पुस्तक वाचायचं तर आधी परवानगी काढावी लागायची, अभ्यासकांना सुद्धा.

यादीत कोण आहे यापेक्षा कोण नाही ते बघण्यात जास्त मजा आहे. डार्विन नाही. हिटलरचं माइन काम्फ नाही, ते तपासायला घेतलं होतं पण यादीत गेलंच नाही, आणि त्याच काळात नाझींचाच विचारवंत रोझेनबर्ग याचं पुस्तक १९३४ ला यादीत गेलं. आणि व्हिक्टर ह्यूगोची ले मिझराब्ल मात्र होती! कोपर्निकसचं पुस्तक १५४३ ला छापलं, १६१६ ला 'दुरुस्त होईपर्यंत' थांबवलं, १६२० ला दुरुस्त्यांची यादी दिली, अगदी थोडक्या ओळींची, आणि यादीतून नाव गेलं ते थेट १८३५ च्या आवृत्तीत. गॅलिलिओचा किस्सा तर कुठल्याही वॉरंटीवाल्यानं भिंतीवर लावावा असा. १६३२ ला त्याचा 'संवाद' छापून आला तो चर्चच्या अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन, पुस्तकाच्या सुरुवातीलाच ती छापलेली आहे, आणि पुढच्या वर्षी त्याच पुस्तकासाठी खटला. शिक्का मारून दिलेला माल कंपनीनंच परत मागवला आणि वर गिऱ्हाइकाला आत टाकलं.

हा शिक्का अजून आहे बरं का. इम्प्रिमाटुर म्हणतात त्याला, म्हणजे 'छापायला हरकत नाही', तो बिशप देतो, आणि त्याच्या आधी बिशपनं नेमलेला सेन्सॉर पुस्तक वाचून नीहिल ऑब्स्टाट देतो, म्हणजे 'अडथळा काही नाही'. आता सगळ्या पुस्तकांना तो लागत नाही, बायबलची भाषांतरं, धर्मशिक्षणाची पुस्तकं, धर्मविषयांची क्रमिक पुस्तकं अशांना लागतो, बाकीच्यांना 'घेतलात तर बरं'. लोकांचा घोळ इथे होतो, त्यांना वाटतं शिक्का आहे म्हणजे बिशपला पुस्तक पटलंय. तसं काही नसतं, फक्त यात सिद्धांताची चूक सापडली नाही एवढाच अर्थ. आणि हा शिक्का नंतर काढून पण घेता येतो. १९८४ ला अमेरिकेत न्यूअर्कच्या आर्चबिशपांना रोमच्या सांगण्यावरून प्रौढांच्या धर्मशिक्षणाच्या एका पुस्तकाचा शिक्का मागे घ्यावा लागला, तोपर्यंत त्याच्या लाखो प्रती लोकांच्या घरात जाऊन पडल्या होत्या. आता घरोघरी जाऊन कोण खोडणार.

बरं, मुख्य सर्व्हिसकडे येऊ. सध्याचे नियम २९ जून १९९७ चे आहेत, त्याच्या आधीचे १९७१ चे. मी ते वाचलेत, लांबलचक नाहीयेत, आणि खरं सांगायचं तर कागदावर वाईट पण नाहीयेत. पुस्तक आलं की आधी ऑफिसात अभ्यास, मग तज्ज्ञांकडे, मग सल्लागारांची बैठक, मग कार्डिनल लोकांची (पोपच्या खालोखालच्या वरिष्ठांची) बैठक, मग पोपकडे. त्यानंतर चुकीची किंवा धोक्याची वाटलेली विधानं काढून लेखकाला पाठवायची, पण थेट नाही, त्याच्या बिशपमार्फत किंवा संघाच्या वरिष्ठामार्फत. लेखकाला उत्तराला तीन महिने. सोबत एक सल्लागार घेता येतो, तो पण वरिष्ठांच्या मंजुरीनं. गरज पडली तर समोरासमोर बोलणं, त्याचं टिपण, त्यावर सह्या.

यात एक पद आहे ते मला फार आवडतं, रेलातोर प्रो आउक्तोरे. लेखकाच्या बाजूनं बोलणारा. त्याचं कामच हे की पुस्तकातलं चांगलं काय, लेखकाचं म्हणणं नीट काय आहे ते बैठकीत मांडायचं. काय सुंदर कल्पना आहे बघा! पण हा माणूस लेखक निवडत नाही, खातं निवडतं. बैठक होते तेव्हा लेखक तिथे नसतो, आणि बैठक चाललीय हे त्याला माहीत असेलच असं पण नाही. तुमच्या लग्नाची बोलणी तुमच्या नकळत चाललीयेत आणि तुमच्याकडून बोलायला मुलीकडच्यांनीच एक भला काका उभा केलाय, असं काहीसं. काका चांगला असेलही हो. पण काका आपला पाहिजे ना.

आणि तक्रार कोणी केली हे? ते सहसा कळतच नाही. हा माझा या सर्व्हिसवरचा सगळ्यात मोठा राग. साध्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण कोणी तुमच्यावर आरोप केला तर त्याला उभं राहून बोलावं लागतं.

वर फास्ट ट्रॅक पण आहे. चूक उघड आणि नक्की आहे, आणि लोकांना मोठा धोका आहे असं वाटलं तर तातडीची पद्धत, त्यात दुरुस्त करायला दोन महिने. आणि प्रकरण पाखंडापर्यंत गेलं आणि लेखक हटला नाही तर खातं बहिष्कार जाहीर करू शकतं, त्यावर अपील नाही. ज्यानं तपासलं त्यानंच ठरवलं, त्यानंच सांगितलं, विषय संपला.

आता प्रत्यक्षात अनुभव कसा येतो ते. मी दोन केसेस जरा सविस्तर सांगतो कारण नियम वाचून काही कळत नाही, माणसं बघितली की कळतं.

जाक द्युपुई. बेल्जियन जेझुइट, पण आयुष्याची तीसहून जास्त वर्षं भारतात घालवलेली, तिथे शिकवलेलं, मग रोमला ग्रेगोरियन युनिव्हर्सिटीत. भारतात राहिलेल्या माणसाला जो प्रश्न पडणारच तो त्यांना पडला, की हे आजूबाजूचे कोट्यवधी हिंदू, मुसलमान, बौद्ध, यांच्या धर्मांचं देवाच्या योजनेत काय स्थान आहे? हे सगळं नुसतं ख्रिस्तापर्यंत पोहोचायच्या वाटेवरचं आहे की त्याला स्वतःचं काही मोल आहे? १९९७ ला यावर जाडजूड पुस्तक आलं. ख्रिस्त सगळ्यांचा तारणहार हे त्यांनी कुठेही सोडलेलं नाही, पण दार नेहमीपेक्षा जास्त उघडं ठेवलं. १९९८ ला चौकशी सुरू. शिकवणं थांबलं. प्रश्न आले, त्यांना त्यांनी जवळजवळ दोनशे पानांचं उत्तर दिलं. दोनशे पानं! सत्तरीच्या पुढचा माणूस, तब्येत बरी नाही, तीन महिने मुदत. व्हिएन्नाचे निवृत्त कार्डिनल कोनिग त्यांच्या बाजूनं जाहीर लिहायला उतरले, आणि खात्याचे प्रमुख कार्डिनल रात्झिंगर यांना त्यावर उत्तर द्यावं लागलं, असं फार वेळा होत नाही.

समोरासमोर भेट झाली ती थेट सप्टेंबर २००० ला, चौकशी सुरू होऊन दोन वर्षं उलटत आल्यावर. सोबत सल्लागार म्हणून जेराल्ड ओकॉलिन्स होते, ते पण जेझुइट, ते पण ग्रेगोरियनचेच. आणि या भेटीनंतर काय झालं बघा, आधीच्या मसुद्यात गंभीर चुकांची भाषा होती, शेवटच्या नोटिसमध्ये, २४ जानेवारी २००१ च्या, ती राहिली नाही. आलं काय, तर महत्त्वाच्या मुद्द्यांवर 'लक्षणीय संदिग्धता आणि अडचणी' आहेत ज्यामुळे वाचक चुकीच्या मतांकडे जाऊ शकतो. म्हणजे लेखक चुकला असं नाही, वाचक चुकू शकतो! आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये आणि भाषांतरांमध्ये ही नोटिस छापायची. परत तेच पाकीट, परत तोच इशारा. द्युपुई २००४ च्या डिसेंबरमध्ये गेले.

मला या केसमधून जे दिसलं ते हे, की नुसतं भेटून बोलल्यानं निकालाची भाषा बदलली. मग हे बोलणं पहिल्या महिन्यात का नाही? एक फोन, एक चहा, 'फादर, पान अमुकवर तुम्ही असं म्हणता म्हणजे नक्की काय?' दोनशे पानं आणि दोन वर्षं वाचली असती. सगळी प्रोसेस अशी बांधलीय की बोलणं शेवटी येतं, तोपर्यंत दोन्हीकडे पाय रोवलेले असतात आणि मग कोणालाच मागे हटता येत नाही.

दुसरी केस त्याहून कडू. तिस्सा बालसूर्य, श्रीलंकेतले, ऑब्लेट नावाच्या संघाचे फादर. १९९० ला मारिया आणि मानवमुक्ती या विषयावर पुस्तक लिहिलं, त्यात मूळ पापाच्या (आदाम-हव्वेपासून प्रत्येकाला जन्मतःच लागलेल्या पापाच्या) सिद्धांतावर आणि मारियेच्या नेहमीच्या गरीब-गाय चित्रावर प्रश्न. आधी तिथल्याच बिशपांनी आक्षेप घेतला, मग रोम. त्यांनी ५५ पानांचं उत्तर पाठवलं. उत्तर नामंजूर. मग खात्यानं त्यांच्यासाठी खास तयार केलेला श्रद्धेचा कबुलीनामा पाठवला, यावर सही करा. ते म्हणाले हा नाही, सहाव्या पॉल पोपनं लिहिलेला जो आहे त्यावर करतो, आणि केली पण, फक्त खाली एक ओळ जोडली की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा (१९६२ ते १९६५, जगभरच्या बिशपांची सभा) थिऑलॉजीचा विकास आणि अभ्यासकाचं स्वातंत्र्य लक्षात घेऊन. ती ओळ चालली नाही. २ जानेवारी १९९७ ला बहिष्कृत. वय बहात्तर. डोकं चक्रावणारी गोष्ट ही की साधारण एका वर्षात, जानेवारी १९९८ ला, समेट होऊन बहिष्कार उठला. जे वर्षात मिटू शकत होतं ते आधी का मिटलं नाही हे मला अजून कळलेलं नाही. आणि अशा शिक्षेचा डाग, बहिष्कार उठला म्हणून लोकांच्या डोक्यातून जात नाही, २०१३ ला ते वारले तेव्हा बातम्यांचं पहिलं वाक्य तेच होतं.

बाकीचे झटपट. लिओनार्दो बॉफ, ब्राझील, मुक्तीच्या थिऑलॉजीचे (गरिबांची सुटका हे धर्माचंच काम मानणारा विचार) फादर, १९८४ ला रोमला बोलावणं, त्यांच्या सोबतीला त्यांच्याच देशाचे दोन कार्डिनल गेले, लोर्शायडर आणि आर्न्स (वरिष्ठ पाठीशी उभे राहणं म्हणजे काय ते हे), तरी १९८५ ला नोटिस आणि गप्प बसायची आज्ञा, १९८६ ला ती उठली, १९९२ ला ते स्वतःच फादरकी सोडून गेले. गुस्ताव्हो गुटिएरेझ, पेरू, त्याच विचाराचे, १९८३ पासून फाईल उघडी, पण कधीच दोषी ठरवलं नाही, आणि गंमत म्हणजे ज्या म्युलर नावाच्या जर्मन थिऑलॉजियननं त्यांच्यासोबत पुस्तक लिहिलं तोच २०१२ ला याच खात्याचा प्रमुख झाला. हान्स क्युंग, जर्मनीत युनिव्हर्सिटीत शिकवणारे स्विस फादर, डिसेंबर १९७९, पोप ठराविक बाबतीत चुकूच शकत नाही या सिद्धांतावर प्रश्न विचारल्याबद्दल कॅथलिक थिऑलॉजी शिकवायचा परवाना गेला, फादर मात्र शेवटपर्यंत राहिले आणि त्याच युनिव्हर्सिटीत दुसऱ्या दारानं शिकवत राहिले. सिस्टर मार्गारेट फार्ली, येलच्या प्रोफेसर, लैंगिक नीतीवरचं पुस्तक २००६ चं, नोटिस जाहीर झाली जून २०१२ मध्ये, आणि जाहीर झाल्यावर काही दिवसांत ते पुस्तक ऑनलाइन विक्रीत वर उसळलं. सहा वर्षं जे पुस्तक अभ्यासकांच्या कपाटात गपचूप बसलं होतं त्याला खात्यानं फुकटात जाहिरात दिली. प्रकाशकानं मिठाई वाटायला हवी होती.

सिस्टर एलिझाबेथ जॉन्सन यांच्याबाबतीत तर रोम नव्हतंच, अमेरिकेतल्या बिशपांच्या समितीनं २०११ ला त्यांच्या पुस्तकावर निवेदन काढलं, आणि त्यांची तक्रार ही होती की मला कोणी बोलवलंच नाही, एकदा पण विचारलं नाही. परत तेच. बोलणं नाही.

आता खात्याच्या बाजूनं. कारण नुसतं झोडपायला मला पण आवडत नाही, आणि यांची बाजू पण आहे. एक म्हणजे कुठल्याही धर्मसंस्थेला 'हे आमचं शिकवणं नाही' असं म्हणायचा हक्क असणारच. कॅथलिक फादर, कॅथलिक युनिव्हर्सिटी, कॅथलिक प्रकाशन, आणि आत जे आहे ते कॅथलिक नाही असं त्यांना वाटलं तर त्यांनी गप्प बसावं का? कंपनीच्या नावानं कोणी माल विकत असेल तर कंपनी म्हणणारच ना की हा आमचा नव्हे. दुसरं, ज्या नोटिसा आहेत त्या, वाचल्यात तर, थातूरमातूर नसतात. पुस्तकातला उतारा देतात, मग त्यावर काय हरकत, मग त्यांच्या मते बरोबर शिकवण काय, ते परिषदांच्या दाखल्यांसकट. जॉन सोब्रिनो (एल साल्व्हाडोरमधले जेझुइट) यांच्यावरची २००७ ला जाहीर झालेली नोटिस मी दोनदा वाचली, मला पटली नाही, पण त्यांना नक्की काय खुपतंय ते कळलं. आणि त्यात शिक्षा काहीच नव्हती. किती सरकारी ऑफिसं तुम्हाला कारणं देतात सांगा बरं? त्याबद्दल मार्क.

पण मग हिशोब जुळत नाही तो इथे. इव्ह काँगार, डॉमिनिकन संघाचे फ्रेंच फादर, १९५४ ला शिकवण्यावरून काढून जेरुसलेमला आणि मग केंब्रिजला धाडले, १९९४ ला कार्डिनल केले, तेव्हा वय नव्वद. आंरी द ल्युबाक, फ्रेंच जेझुइट, १९५० ला शिकवणं बंद, १९८३ ला कार्डिनल. अमेरिकेचे जॉन कर्टनी मरे, १९५५ ला सांगितलं धर्मस्वातंत्र्यावर लिहू नका, दहा वर्षांनी त्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं धर्मस्वातंत्र्यावर जो जाहीरनामा काढला त्यात यांचाच मोठा हात. तेयार द शार्दां, फ्रेंच जेझुइट आणि शास्त्रज्ञ, यांना जिवंतपणी थिऑलॉजीचं छापू दिलं नाही, १९५५ ला गेले, १९६२ ला होली ऑफिसनं त्यांच्या पुस्तकांबद्दल सावधानतेचा इशारा काढला, आणि २०१५ ला पोप फ्रान्सिस यांच्या पर्यावरणावरच्या परिपत्रकात तळटिपेत त्यांचं नाव. इटलीचे रोझमिनी, १८४९ ला दोन पुस्तकं यादीत, १८५५ ला गेले, १८८७ ला त्यांची चाळीस विधानं दोषी, २००१ ला खात्यानं म्हटलं ती कारणं आता उरली नाहीत, २००७ ला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी). म्हणजे दोषी आणि धन्यवादित, दोन्ही मेल्यावर!

सगळ्यांचं असं होतं असं नाही. लुआझी, फ्रान्सचा बायबल अभ्यासक, १९०८ ला बहिष्कृत झाला तो तसाच वारला. पण एवढी नावं उलटतात तेव्हा मला प्रश्न पडतो की 'चूक' आणि 'लवकर बोलला' यात फरक करायची सोय या प्रोसेसमध्ये कुठे आहे? नाहीये. कारण तपासणारा विचारतो हे आजच्या शिकवणीशी जुळतं का, आणि आजची शिकवण पण काल कोणाच्या तरी दोषी वाक्यातून आलेली असू शकते हे त्या फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही.

आणि हे आतल्या लोकांना कळत नव्हतं असं पण नाही. ८ नोव्हेंबर १९६३, दुसरी व्हॅटिकन परिषद चालू आहे, कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स उभे राहतात आणि भर सभेत म्हणतात की होली ऑफिसच्या पद्धती आपल्या काळाला शोभत नाहीत, कोणालाही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय, आरोप काय ते सांगितल्याशिवाय आणि सुधारायची संधी दिल्याशिवाय दोषी ठरवू नये. फ्रिंग्स यांचे थिऑलॉजीचे सल्लागार कोण होते? छत्तीस वर्षांचे प्रोफेसर योसेफ रात्झिंगर. हो, तेच, जे १९८१ पासून २००५ पर्यंत याच खात्याचे प्रमुख होते आणि ज्यांच्या सहीनं वरच्या बऱ्याच नोटिसा निघाल्या. काउंटरच्या या बाजूला उभं असताना जे दिसतं ते त्या बाजूला गेल्यावर दिसेनासं होतं का, की तिथे बसल्यावर दुसरंच काही दिसायला लागतं, हे मला खरंच त्यांना विचारायचं होतं.

१ जुलै २०२३ ला पोप फ्रान्सिस यांनी नवे प्रमुख फर्नांदेझ यांना नेमताना जे पत्र दिलं त्यात सरळ म्हटलंय की या खात्यानं पूर्वी अनैतिक पद्धती वापरल्या होत्या, ज्ञान वाढवण्याऐवजी संभाव्य चुकांच्या मागे लागायचे ते दिवस होते. मालकानंच एक स्टारचा रिव्ह्यू दिला म्हणा ना. आणि गेल्या दहाबारा वर्षांत लेखकांवरच्या नोटिसा खूपच कमी झाल्यात हे खरं. पण १९९७ चे नियम अजून तेच आहेत, बदलले नाहीत. मॅनेजर भला आहे म्हणून सर्व्हिस चांगली असं मी मानत नाही, मॅनेजर बदलतात.

कोणी लेखक हे वाचत असेल तर माझ्यापुरता सल्ला, पत्र आलं की पहिल्या दिवशी वरिष्ठांकडे जा, ते तुमच्या पाठीशी आहेत की नाही यावर निम्मं ठरतं, द्युपुई (बाजूनं कोनिग आणि ओकॉलिन्स) आणि बालसूर्य (आक्षेप तिथल्याच बिशपांचा) यांच्या केसेस शेजारी ठेवून बघा. सल्लागार मागा. समोरासमोर भेट मागा, परत मागा. आणि लेखन स्पष्ट ठेवा, कारण इथे संदिग्धता हाच गुन्हा आहे.

रेटिंग अडीच स्टार. एक कारणं लिहून देतात म्हणून, एक आता सहसा कोणाचं पोट मारत नाहीत म्हणून, अर्धा त्या लेखकाच्या बाजूच्या काकासाठी. बाकीचे अडीच गुप्त तक्रारदार, उशिरा होणारं बोलणं आणि मेलेल्या माणसाला पाठवलेल्या नोटिसा यांनी खाल्ले.

तक्रार कोणी केली ते कळत नाही म्हणालो ना, ते पूर्ण खरं नाही. खात्याचं अर्काइव्ह १९९८ ला अभ्यासकांसाठी उघडलं, आणि आता बाराव्या पायस पोपच्या काळापर्यंतच्या, म्हणजे १९५८ पर्यंतच्या फाइली बघायला मिळतात. परवानगी काढायची, त्याच इमारतीत जायचं आणि वाचायचं कोणी काय लिहिलं होतं ते. १९५९ किंवा त्यानंतर कोणी तुमच्याबद्दल पत्र लिहिलं असेल तर मात्र थांबावं लागेल.